होरीत किती दगड

घणसोलीच्या शाळेत वरच्या मजल्यावर सहा संगणक,
त्यातले चालू चार.
एका वेळी बाराजण बसतात,
बाकीची सातवी ब खाली मैदानात ओरडत असते.

मला एक तक्ता भरून द्यायचा होता.
कोण किती वेळा बोललं,
उभ्या रेघा मारायच्या, पाचवी आडवी.
म्हणून तिसऱ्या संगणकापाशी स्टूल ओढून बसले,
वह्या तपासत असल्यासारखी.

माउस निनादकडे.
त्याचे वडील महाप्यात एका कंपनीच्या गेटवर असतात,
एवढ्या भांडवलावर जूनपासून माउस निनादकडेच.
शेजारी यल्लेश, अर्ध्या खुर्चीवर.
हेमांगी मढवी मागच्या बाजूने उभी,
हनुवटी मॉनिटरच्या डोक्यावर टेकवून वाकलेली.
तिला सगळं उलटं दिसत असणार.

पडद्यावर निळं पाणी, एक होडी, काठावर दगडांचा ढीग.
कितव्या दगडाला होडी बुडेल?

"दाब ना."
"थांब."
"पाच टाक एकदम, पाच टाक."
"तू नको सांगू. मी टाकतोय ना?"
"टाइम जातोय."
निनादच्या नावावर चार रेघा,
यल्लेशच्या एक, तीही अंदाजाने,
तो "हं" म्हणाला होता बहुतेक.

मग वरून, मॉनिटरच्या डोक्यावरून:
"पन खारीन पानी कवरं हाय?"

निनादने सहावा दगड ठेवला.

"भरती का सुकती, तां सांग आदी."
"इथे तसलं काही नसतं गं. पाणी म्हणजे पाणी."
"आसां कसां?"

माझ्या तक्त्यात रकाने तीनच:
सूचना, उत्तर, विषयांतर.
"आसां कसां" मी विषयांतरात टाकलं.
मग खोडलं.
खोडलेलं तसंच राहिलं.

आणि यल्लेश,
जो तुर्भ्याच्या खाणीवरून आल्यापासून
हजेरीपुरता बोलतो,
ज्याच्या बुटांतली भुकटी बाकाखाली रोज नवी सांडते,
तो पडद्यावर बोट टेकवून म्हणाला,
"दगड कंचा हाय पर ह्यो?"
"दगड रे. साधा."
"साधा कंचा? समदे एका मापाचे काढलेत ह्यांनी.
दगड सारखे नसतेत.
खडीचा येगळा, पाटीचा येगळा.
आमची आई डोक्यावर घेती, तिला इचार."

निनाद मागे टेकला.
माउसवरचा हात कधी निघाला
हे त्याला कळलं नाही,
मला मात्र दिसलं.
"थांबा थांबा. तुमच्या होडीत माणसं किती बसतात?"
"आजाचे होरीन? चार. जालां त्याचं वेगलां."
"मग एक माणूस म्हणजे किती दगड?"
"तू कवऱ्या किलोचा?"
"बत्तीस."
"खोटं! शाळंत अठ्ठावीस भरलाय तू."
"तेव्हा मला ताप होता!"
"ताप काय भाईर काढून ठेवला हुता का?"
तिघंही एकाच वेळी.
कुणाचं वाक्य कुणी संपवलं सांगता येईना,
माझ्या रेघा एकमेकींवर चढल्या,
मी पेन्सिल खाली ठेवली.

पडदा मधल्या मध्ये काळा होऊन झोपी गेला होता.
कुणाचं लक्ष नव्हतं.

घंटा झाली.
निनादने माउस हलवला, घाईघाईत सातवा दगड टाकला.
होडी बुडाली, हिरवी खूण आली,
कुणातरी बाईच्या आवाजात
संगणक म्हणाला, शाब्बास.

"याला खार म्हाईतच नाय,"
हेमांगी म्हणाली. रागाने नाही,
नवीन पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

पुढचा गट दारात धक्काबुक्की करत होता.
माउस देता देता निनाद म्हणाला,
"सात दाब. पण सात नाहीये."
"म्हणजे?"
तो गेलाही होता.

जिन्यातून बराच वेळ यल्लेशचा आवाज येत राहिला.
शब्द कळत नव्हते.
मी रेघ मारली.